निळांबरीचं बी

परभणी
१८ नोव्हेंबर २०२४

आदरणीय गुरुजी,
साक्षीचा सप्रेम नमस्कार.

काल तुम्हाला दोनदा फोन लावला. तुम्ही उचलला, पण ‘कोण, कोण’ म्हणत राहिलात. मी इतकी ओरडले की होस्टेलच्या मुली दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणून पत्र लिहिते.

बाबांचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. सात तारखेला आपल्या डोंगरावर चार गुरं पडली. कचरूकाकांचा बैल आणि गाय गेली, पुष्पाबाईंची दुभती गाय गेली. चौथी आमची कालवड. ती वाचली, आणि तेच बाबांच्या अंगावर आलं. ‘लोकांची मेली न् तुझीच कशी वाचली?’ असं म्हणून कचरूकाकांच्या कल्याणने भर पारावर बाबांच्या तोंडात मारली. मग घराची झडती झाली. फवारणीच्या औषधाची अर्धी बाटली सापडली. कापूस करणाऱ्या कोणाच्या घरात ती नसते गुरुजी? दुसऱ्या दिवशी ठाण्यात अर्ज गेला की रामकिसनने गुरांना विष घातलं. आता दर सोमवारी त्यांना चौकशीला बोलावतात.

तीस वर्षं त्यांनी गावाची गुरं चारली. गुरं मेली की बोट आमच्या बौद्धवाड्याकडं वळतं, हे मी ऐकून होते. बाबांना मात्र ते खरं वाटत नव्हतं. ते म्हणायचे, गाव रोज सकाळी माझ्या हातात दावं देतं.

मी आता पशुवैद्यकीयच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणून एवढं सांगू शकते. फवारणीचं औषध पोटात गेलं असतं तर लाळ गळली असती, तोंडाला फेस आला असता. बाबा सांगतात तसं काही नव्हतं. गुरं शुद्धीत होती. मान थरथरायची, पाय लटपटायचे आणि ती बसायची. पोटं फुगत होती. बाबांनी कालवडीला छातीवर बसतं केलं, डोकं चढाकडं ठेवलं आणि स्वतःच्या मांडीचा टेकू दिला. बाकीच्यांकडं वळेपर्यंत लोक वर आले आणि पडलेल्या जनावरांना काठ्या मारून उठवू लागले. असं बळजबरीनं उठवलं की ती मरतात. बाबांना हे कोणी शिकवलं नव्हतं, तरी त्यांनी बरोबर केलं.

म्हणून मला वाटतं, गुरांनी रानातलंच काही खाल्लं. चिरफाड न करता ती पुरून टाकली, त्यामुळं आता कळायला एकच रस्ता आहे. काळ्या कपारीखालच्या उतारावर या दिवसांत जे जे हिरवं आहे, फुलावर आहे, ते प्रत्येक झाड वर्तमानपत्राच्या घडीत दाबून मला पाठवाल का? पाचवीत तुम्हीच आम्हाला पानं दाबायला शिकवलं. आईबाबा तिकडं गेले तर लोक म्हणतील, पुरावा मिटवायला गेले.

तुमच्याशिवाय गावात मी कोणाला सांगू?

तुमची विद्यार्थिनी,
साक्षी

⁂

सावळदरा
२७ नोव्हेंबर २०२४

चि. साक्षीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अक्षर पुष्कळ सुधारलं आहे. पत्र लिहिलंस हे फार बरं केलंस. कानाचं यंत्र आणलं आहे, पण त्यातून माणसापेक्षा पंख्याचाच आवाज जास्त येतो. सूनबाई तृप्ती म्हणते, तुम्हाला ऐकायचंच नसतं.

तू सांगितल्याप्रमाणे उतारावर जाऊन आलो. गुडघ्यांमुळे दोन खेपा कराव्या लागल्या. सोबत सहा झाडं पाठवतो आहे. टाकळा, रुई, धोत्रा, घाणेरी, रानतुळस आणि एक पिवळ्या फुलाचं, ज्याचं नाव मला आठवेना. दिसलं ते एवढंच.

मला विचारशील तर हे जवारीच्या कोंबांचं काम असावं. कापणीनंतर धसकटाला कोवळे कोंब फुटतात आणि ते खाऊन जनावर दगावतं, हे आपल्याकडे जुनंच आहे. तुझ्या मॅडमना विचारून पाहा.

रामकिसनची फार काळजी करू नकोस. चौकशीत काही निघायचं नाही. लोक चार दिवस बोलतात आणि विसरतात. तू अभ्यासाकडे लक्ष दे. आपल्या शाळेची मुलगी जनावरांची डॉक्टर होते आहे, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतो.

तुमच्या घरी जाऊन यायचं मनात आहे. जमलं नाही अजून.

तुझा,
सोमेश्वर गुरुजी

⁂

परभणी
४ डिसेंबर २०२४

आदरणीय गुरुजी,
सप्रेम नमस्कार.

झाडं नीट पोहोचली. कागदाच्या घड्या पाहून शाळेची आठवण आली. आमच्या मॅडमनी सगळी पाहिली. पिवळं फूल सोनकीचं निघालं. घाणेरी विषारी आहे, पण तिनं आधी कातडी खराब होते, कावीळ होते. गुरं अशी तासाभरात पडत नाहीत. धोत्र्याला आणि रुईला आपली गुरं तोंड लावत नाहीत. जवारीचंही विचारलं. कोंबांनी जनावर दहा-पंधरा मिनिटांत तडफडून जातं. शिवाय कपारीच्या बाजूला जवारी आहेच कुठं?

एक गोष्ट मला कळेना. परवा बाबांना फोनवर विचारलं, त्या उतारावर अलीकडं काही नवीन उगवलंय का. ते आधी कालवडीचंच सांगत राहिले. मग म्हणाले, “न्हाई. काई न्हाई. तू तुझा अभ्यास कर.” गुरुजी, बाबांना त्या डोंगरावरचं प्रत्येक गवत ठाऊक आहे. कोणत्या गवतानं दूध वाढतं, कोणत्यानं आटतं, हे त्यांनी मला सांगितलं आणि मी ते पुढं पुस्तकात वाचलं. असं माणूस ‘काई न्हाई’ म्हणतं म्हणजे काहीतरी आहे. ठाण्याच्या भीतीनं ते झाडाबद्दलही बोलेनासे झालेत, असं मला वाटतं.

आई कापूस वेचायला जायची ती घरीच आहे, कोणी बोलावत नाही. दुकानातून सामान आणायलाही ती दुपारी जाते, रस्त्यावर माणसं नसतात तेव्हा.

तुम्ही एकदा घरी जाऊन बाबांशी बोलाल का? तुमच्यापाशी ते बोलतील.

तुमची,
साक्षी

⁂

सावळदरा
११ डिसेंबर २०२४

चि. साक्षीस,
आशीर्वाद.

चार दिवस खोकला आणि ताप आहे. त्यामुळे तुमच्या घरी जाता आलं नाही. बरं वाटलं की जाईन. थंडी फार आहे, जपून राहा.

सोमेश्वर गुरुजी

⁂

परभणी
१८ डिसेंबर २०२४

गुरुजी,

सोमवारी मी गावी आले होते. बाबांबरोबर ठाण्यात गेले. तिथले साहेब भले होते. मी पशुवैद्यकीय शिकते म्हटल्यावर त्यांनी मला बसायला सांगितलं आणि अर्ज वाचायला दिला.

अक्षर ओळखायला मला वेळ लागला नाही. खाली कचरूकाकांची सही आणि पुष्पाबाईंचा अंगठा आहे, पण वरचा सगळा मजकूर तुमच्या हातचा आहे. ‘सदर इसमाने हेतुपुरस्सर.’ हेतुपुरस्सर हा शब्द मला सातवीत तुम्हीच शिकवला. मला तो लिहिता येईना तर फळ्यावर दहा वेळा लिहायला लावला होता.

मी तिथं बाबांना काही बोलले नाही. परत आल्यावर एकटी डोंगरावर गेले. तुमच्या घरावरूनच गेले. तुम्ही ओसरीवर उन्हात पेपर वाचत होता. खोकला दिसला नाही.

कपारीखालचा उतार निळा झाला आहे. मांडीपर्यंत उंच दांडे, निळी फुलं, प्रत्येक फुलाला मागे बारीक नळीसारखं शेपूट. बाकीचं गवत वाळून गेलंय आणि हे एकटं हिरवं आहे. कितीतरी दांडे मधेच खुडलेले आहेत, दातांनी. मी एक झाड मॅडमना आणून दाखवलं. त्यांनी पाहताच नाव सांगितलं. निळांबरी. सह्याद्रीत असते. त्या म्हणाल्या, या जातीची झाडं गाईबैलांच्या पोटात गेली की अंगातलं बळ जातं, ती उभी राहू शकत नाहीत. बाबांनी सांगितलं होतं तसंच.

मी त्या डोंगरावर शेळ्यांमागं लहानाची मोठी झाले. हे झाड तिथं नव्हतं. ते कुठून आलं, हे मला कळलेलं नाही.

दुसरं असं, की तुम्ही दोन खेपा केल्यात आणि मला सहा झाडं पाठवलीत. सातवं तुम्हाला दिसलं नाही का?

साक्षी

⁂

सावळदरा
२४ डिसेंबर २०२४

साक्षीस,

आशीर्वाद लिहीत नाही. तो अधिकार आता राहिला आहे असं वाटत नाही.

सातवं झाड दिसलं होतं. मी सातही घरी आणली, सातही कागदात दाबली. पाकीट चिकटवायच्या आधी सातवं बाहेर काढलं आणि बंबात घातलं.

ते डोंगरावर मी आणलं. निवृत्त झालो त्या वर्षी डिसेंबरात आम्ही सात-आठ शिक्षक सह्याद्रीत एका किल्ल्यावर गेलो होतो. उतरताना एक अख्खा उतार निळा दिसला. आमच्यातल्या एकाने नाव सांगितलं. मला आपला डोंगर आठवला, दिवाळीनंतर तपकिरी पडणारा. वाळलेल्या शेंगांतलं बी मी रुमालात बांधून आणलं आणि पुढच्या जूनमध्ये कपारीखाली फेकलं. कोणाला सांगितलं नाही. एक दिवस गाव मान वर करून बघेल आणि विचारेल, हे कोणी केलं, अशी एक पोरकट हौस होती. पहिल्या वर्षी अकरा झाडं आली. मी ती पाहायला रोज जायचो. ते गुरांना चालतं का, एवढा साधा प्रश्न कोणाला विचारला नाही. रामकिसनला विचारता आला असता. सुचलंच नाही. चाळीस वर्षं शाळेत प्रश्न विचारायला शिकवलं, आणि गुराख्याला काही विचारायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं.

गुरं पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेलो. खुडलेले दांडे पाहिले. मनात आलं, आणि मी ते मनातून काढून टाकलं. दुपारी कचरू आणि कल्याण घरी आले. “गुरुजी, तुमचं अक्षर बरं हाय, अर्ज लिहून द्या.” मी लिहून दिला. त्यांनी सांगितलं होतं फक्त ‘विष घातलं’ एवढंच. हेतुपुरस्सर हा शब्द माझा आहे. मला त्या वेळी शंका होती, साक्षी. शंका होती म्हणूनच शब्द इतका कडक पडला असावा.

तुझं शेवटचं पत्र शनिवारी आलं. रविवारी सकाळी तुमच्या घरी गेलो. एवढ्या वर्षांत दुसऱ्यांदा. पहिल्यांदा तुझ्या दहावीच्या निकालाला आलो होतो, तेव्हा उंबऱ्याबाहेरूनच परतलो होतो. रामकिसन अंगणात बसून दावं वळत होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला,

“ठाऊक हाय गुरुजी.”

मी म्हणालो, “काय ठाऊक आहे?”

“तुम्ही बी टाकून राह्यले व्हते तव्हा म्या पाह्यलं. मला वाटलं गवताचं असंल. दोन सालं गुरांनी त्याला तोंड न्हाई लावलं. औंदा गवत जल्दी वाळलं. गुरं पडली तव्हा त्यांच्या तोंडात निळ्या पाकळ्या व्हत्या.”

“मग ठाण्यात का नाही सांगितलंस?”

“गुरुजीनं पेरलं म्हणलो असतो तर आनखी एक कानाखाली बसली असती. कोन इस्वास ठेवनार व्हतं?” मग म्हणाला, “आन् पोरीला तुम्ही शिकिलं. तिला तिच्या गुरुजीची लाज वाटाया नको, म्हनून तिलाबी काई बोल्लो न्हाई.”

तुझी आई, बेबीनंदाबाई, आत भाकरी थापत होत्या. त्यांनी वर न पाहता विचारलं, “झालं का सांगून?” मी हो म्हणालो. “मंग आता हेच पारावर जाऊन सांगा. आमाला सांगून काय व्हतं? आमाला ठाऊकच व्हतं.”

काल सकाळी पारावर सांगितलं. कचरू, कल्याण, पंचवीस-तीस माणसं होती. बोलून झाल्यावर कचरू उठला आणि माझा हात धरून म्हणाला, “गुरुजी, तुमी देवमानूस. पोरगी तुमची शिष्या हाय म्हनून अंगावर घेता. नका घेऊ.” बाकीचे माना हलवू लागले. कोणालाच खरं वाटेना. मी खोटं बोललो ते सगळ्यांना खरं वाटलं होतं, आणि आता खरं बोलतो आहे तर ते माझा मोठेपणा मानत होते. मी त्यांना डोंगरावर नेलं. खुडलेले दांडे दाखवले. किल्ल्यावरच्या सहलीचा फोटो नेला होता, त्यात मागे तीच फुलं आहेत. तेव्हा कुठे त्यांना पटलं.

कल्याण माझ्याजवळ आला. खाली मान घालून म्हणाला, “चुकून झालं गुरुजी. तुमाला काय ठाऊक.”

साक्षी, मला कोणी तोंडात मारली नाही. कोणी आवाज चढवला नाही. उतरताना एकाने हात दिला, पाय घसरेल म्हणून.

तिथून ठाण्यात गेलो आणि जबाब लिहून दिला. बी कुठून आणलं, कधी टाकलं, अर्ज कोणाच्या हातचा, शंका असताना तो का लिहिला, सगळं. साहेबांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, “शेवटचं वाक्य ठेवायचं का?” ठेवा म्हणालो.

संध्याकाळी माझी गाय पुष्पाबाईंच्या दावणीला नेऊन बांधली. ती गाभण आहे. त्या बाईंनी गाईच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “गायीचं जाऊ द्या. रामकिसनला म्या तोंडाला येईल ते बोल्ले. त्याच्या लेकराबाळावर गेले. ते आता म्या कसं माघारी घेऊ?” त्या तशाच गोठ्यात बसून राहिल्या.

मी उद्यापासून उतारावर जाऊन झाडं उपटणार आहे. कशी उपटायची, काय काळजी घ्यायची, ते लिहिशील तर लिही. आणखी काही लिहावंस, असं म्हणत नाही.

सोमेश्वर

⁂

परभणी
१२ जानेवारी २०२५

गुरुजी,
जय भीम.

पत्राला उशीर झाला. परीक्षा होती आणि परीक्षा नसती तरी झाला असता. उत्तर तीनदा लिहून फाडलं आणि आज तुमचं पत्र पुन्हा वाचलं.

आधी झाडांचं. हातमोजे घालून मुळासकट उपटा आणि जागेवर न टाकता खड्ड्यात जाळा. पण आता बी पडून गेलं असणार. पुढच्या पावसात ते पुन्हा उगवेल, त्याच्या पुढच्याही. फूल यायच्या आधी दर आठ दिवसांनी उतार बघावा लागेल. निदान तीन वर्षं. तोवर गुरं त्या अंगाला सोडू नका. शेळ्यामेंढ्यांना त्रास कमी होतो म्हणतात, पण त्यांनाही नको. मी झाडाचं चित्र आणि लक्षणं लिहून पाठवते, ग्रामपंचायतीत लावा. त्यात एक ओळ मोठ्या अक्षरात आहे. पडलेल्या जनावराला मारून उठवू नका.

ठाण्यातून बाबांना कागद आला, चौकशी बंद झाल्याचा. पुष्पाबाई घरी येऊन गेल्या. आईच्या गळ्यात पडून रडल्या. आई रडली नाही, पण तिनं त्यांना जेवायला वाढलं. कल्याण आला नाही. कचरूकाकांनी दुसऱ्याच्या हातानं निरोप पाठवला, झालं गेलं सोडून दे, एक तारखेपासून गुरं सोडायला ये. बाबा म्हणाले, “गुरं म्या नेली असती. त्यांचं काई चुकलं न्हाई. पर दावं हातात द्यायला मानूस येतं ना, त्याच्या तोंडाकडं मला बघवनार न्हाई.” ते आता जालना शहरात एका गोदामावर राखणीला आहेत. कालवड आईनं ठेवली आहे. फोनवर बाबा माझी चौकशी नंतर करतात, आधी तिची.

तुम्ही मला खोटं लिहिलंत, हे मी एक वेळ पोटात घातलं असतं. भीतीनं माणूस खोटं लिहितं. पण तुम्ही बंबात ते झाड घातलं, त्याच आठवड्यात बाबा ठाण्याच्या पायरीवर बसून होते. ते सकाळी नऊला जायचे आणि पाचला सुटायचे. ही दोन चित्रं मला वेगळी करता येत नाहीत. आणि बाबांनी इतके दिवस सगळं सोसलं ते मला तुमची लाज वाटू नये म्हणून. आता वाटते. मला स्वतःचीही वाटते, कारण मी बाबांच्या गप्प बसण्याला भीती समजले.

पारावर बोललात, जबाब दिलात, ते आईनं सांगितलं. कमी माणसं एवढं करतात, हे मला कळतं. तुम्ही माफीचा शब्द लिहिला नाहीत, ते बरं केलंत. मला उत्तर द्यावं लागलं असतं.

माझी इंटर्नशिप संपली की मी आपल्याच भागात काम मागणार आहे. मैत्रिणी म्हणतात वेडी आहेस, पण कोणीतरी तिथं असायला हवं. तेव्हा गावातली जनावरं माझ्याकडंच येतील, कचरूकाकांचीही. पुष्पाबाईंकडची गाय पहिलारू आहे, हे तिचं पहिलंच वेत, असं आई म्हणाली. ती अडली, किंवा तुमच्या गोठ्यात पुढं कोणतंही जनावर आजारी पडलं, तर निरोप पाठवा. कोणत्याही वेळेला मी येईन. जे करायचं ते सगळं करीन.

काम झालं की हात धुऊन निघेन. बसा म्हणू नका.

साक्षी